मान न हलवता

माय-बापहो, बहिणींनो, आजच्या शोकसभेच्या सतरंज्या हनुमान मंदिरातून आल्या, चहाची साखर भजनी मंडळानं दिली, अन् भाडं कोणी घेतलं नाही. हे आधी सांगते, कारण हिशेब सांगताना माझा आवाज थरथरत नाही. आमच्या यांच्याबद्दल बोलताना थरथरेल. सांभाळून घ्या.

आपल्या नवेगाव बांधच्या भजनात यांची खंजिरी तुम्ही सगळ्यांनी ऐकली. डोक्यात गाठ निघाली, तेव्हा यांनी नागपूरच्या डॉक्टरांना एकच सांगितलं, "आवाज जात असन, तं कापू नका."

म्हणून बोलण्याची वाट गाठीच्या किती जवळून जाते, ते पाहायला एमआरआय झाला. माझी भाची मीना तिथेच ही चित्रं कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. मेंदूत पाणी कोणत्या दिशेनं झिरपतं, त्यावरून वाटा कळतात, म्हणाली. आपल्या धानाच्या बांधीतल्या पाटासारखं. त्यासाठी चित्रं पुष्कळ काढतात, अन् मान जराही हलायला नको.

अन् यांची मान? मशीन ठकठक वाजली, अन् हे आत डोलत राहिले. मीनानं विचारलं, "मावसाजी, काऊन हलून राहिले होते?"

"मशीन ठेका देऊन राहिली पोरी, मान कशी थांबन?"

पुन्हा आत नेलं. पुन्हा डोलले.

मग मीना बसली. लुगड्याची घडी घडीवर बसवावी, तसं एकेक चित्र पहिल्यावर बसवलं. मान जितकी वळली, तितकी पाण्याची दिशाही वळवून मांडली. नाहीतर चित्र सरळ दिसतं अन् वाट चुकते. कपाळाकडे चित्र ताणलं जातं, म्हणून उलट बाजूनं काढलेलं जवळ ठेवून दोन्हींमधलं खरं रूप काढलं. काही चित्रं मात्र टाकूनच दिली. मी म्हटलं, फेकतेस काऊन? ती म्हणाली, "मावशी, हललेलं सरळ करता येते. बिघडलेलं मी मनानं रंगवणार नाही."

वाट गाठीला चिकटूनच होती. ऑपरेशनात डॉक्टरांनी गाठीचा तिथला तुकडा न कापता सोडून दिला. शुद्धीवर आल्यावर हे पहिलं काय बोलले? "ठेका कोणी बंद केला?" मी देवाला हात जोडले.

त्या सोडलेल्या तुकड्यानंच शेवटी यांना नेलं. यांना ते ठाऊक होतं. कबूल होतं. जाण्याच्या आदल्या सकाळची काकडआरती यांनीच म्हटली.

आता उठू नका, बसल्या जागीच डोळे मिटा. यांना जे एकदाही जमलं नाही, ते आपण यांच्यासाठी करू. दोन मिनिटं, मान न हलवता.