हिरवा ठिपका

नाही नाही, आत नका जाऊ, शुभंकर — ते कामात आहेत. इथेच बसा. खडकीपर्यंत आलात, लॅपटॉप न्यायला का होईना. दसऱ्यापासून ऑफिसचं कुणी फिरकलं नव्हतं. भेटायचंय? रोज तर दिसतात तुम्हाला — ऑफिसच्या चॅटवर नावाशेजारी हिरवा ठिपका असतो ना, तेच आमचे आफताब.

पूर्वी असं नव्हतं. मोठा कॉम्प्युटर होता इथे, सगळं सॉफ्टवेअर त्याच्याच पोटात. यंत्रांच्या माहितीपुस्तिका तपासायचे, इतक्या चुका काढायचे की लोक वैतागायचे — आणि संध्याकाळी मशीन बंद केलं की माणूस घरचा. मग हळूहळू सगळं ऑनलाइन गेलं. आधी फाइली, मग मीटिंगा, मग ऑफिसात जाणंच गेलं. किती सोयीचं झालं, असं मीच सगळ्यांना सांगत फिरले. आणि इथे माऊस जरा थांबला, ठिपका पिवळा झाला की यांचा जीव वरखाली, म्हणून जेवतानाही एक हात माऊसवर. मध्ये जरा ताप होता, बाकी बरे आहेत.

काय बघताय? व्हीलचेअर आहे ती. — बरं, ताप नव्हता. झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलतं. दवाखान्यातून घरी आणलं तर नजर सारखी लॅपटॉपकडे. मी तो लावला, हात माऊसवर ठेवला, ठिपका हिरवा झाला — आणि माणूस शांत झोपला. कळवायला हवं होतं, म्हणता? आणि तुम्ही काय केलं असतं, फुलं पाठवली असती? उपचार चाललेत ते ऑफिसच्या विम्यावर. मेसेज आला की मी बाण अंगठ्याच्या चित्रावर नेऊन ठेवायचे, ते बोट दाबायचे. पुस्तिका आली — अंगठा. मीटिंग ठरली — अंगठा. दिवाळी गेली, ईद झाली, तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. उलट तुमच्या दीपाली मॅडमनी कौतुक केलं, आफताब हल्ली फार छान जुळवून घेतात म्हणून. घेणारच की.

मग तो मेसेज आला. तपासणी आता ऑनलाइन आपोआप होते, महिनाअखेरीस तुम्हाला मोकळं करतोय, मान्य असल्यास कळवा. मी तेव्हा वाचलाच नाही. नेहमीसारखा बाण ठेवला. त्यांना वाचता येतं का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. पण त्या दिवशी बोट हलेना. मला वाटलं, दमले. मीच म्हटलं — दाबा ना, मला पोळ्या करायच्यात. — दाबलं त्यांनी.

आता तुम्ही रडू नका, माझ्याकडे वेळ नाही. थांबा, आणते.

हा घ्या. हा चार्जर. बॅग त्यांची आहे, ती राहू दे. नाही, माऊस देणार नाही — तो तुमचा नाहीच, त्या जुन्या कॉम्प्युटरचा आहे. डबा भंगारात गेला, हा राहिला. त्यांच्या हाताखाली आहे, वायर मी उशीखाली सारलीय. कळणार नाही त्यांना. — कळतंय हो, सगळं कळतंय. तरी बोट हलतंय.

निघा तुम्ही. दार हळू ओढून घ्या, ते कामात आहेत.