चार बोटं ढिलं चाक

मांडीवरच्या तान्ह्याला थोपटत, आपल्या स्कूटरची वाट बघत एक बाई गॅरेजच्या बाकावर बसली होती. समोर मिस्त्री एका जुन्या जीपचं स्टिअरिंग उघडून म्हाताऱ्या मालकाशी आणि त्यांच्या लेकीशी बोलत होता.

"काका, गंज घासून रंग मारतो, झिजलेले सांधे बदलतो. पण स्टिअरिंगचं चाक चार बोटं ढिलं, तेवढं फिरवलं तरी गाडी वळतच नाही! इतकी वर्षं दुरुस्त का नाही केलंत?"

"लहानपणी ही माझ्या मांडीवर बसून चालवायची. हिने इवल्या हातांनी हलवलं तरी जीप सरळच. हिला वाटायचं, डोंगरसुद्धा आपणच वळवतोय."

"म्हणजे मी चालवतच नव्हते, बाबा?"

"वळणं तेवढी माझी होती गं."

"आणि मी शाळाभर फुशारक्या मारल्या!"

"मिस्त्री, आता मात्र घट्ट करा. मला रस्ता धूसर दिसतो. उद्यापासून खरंच ही चालवणार."

"आणि तुम्ही, बाबा?"

"शेजारी बसेन. डोळा लागला तर उठवू नकोस."