नाक, गुडघा आणि अंपायर

दवाखान्यात माझ्यासमोर दोघे सॉफ्टबॉलवाले बसले होते. एकाने नाकावर बर्फ धरला होता, दुसऱ्याने स्वतःचा गुडघा.

"तू आउट होतास. बॉल माझ्या हातात होता."

"हट्! माझा पाय आधी होम प्लेटवर पडला. सेफ!"

"पाय कुठला? तुझा गुडघा माझ्या नाकावर पडला."

"आज अंपायर असता तर त्यानंच सांगितलं असतं."

"होता की चांगला! मागच्या रविवारी 'चष्मा बदला' म्हणून ओरडून त्याला कोणी पळवलं?"

"मी नुसता ओरडलो. डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता तू दिलास."

"बिचारा निर्णय बरोबर द्यायचा रे."

"तुला आउट दिलं की अगदी बरोबर असायचा."

"आधी कोण आलं?" नर्सबाईंनी दार उघडून विचारलं.

"मी!"

"छे, मी! दारात पाय माझा आधी पडला."

"दोघे एकदम आलात, मी बघत होते. नाकातून रक्त येतंय, म्हणून नाक आधी. गुडघा, तुम्ही बसा."

"अहो, पण बाई..."

"बसा म्हटलं ना!"

गुडघा मुकाट्यानं बसला. नाक आत गेल्यावर म्हणाला,

"बाई, रविवारी सकाळी सुट्टी असते का हो तुम्हाला?"

"अंपायरची टोपी आम्ही देऊ," आतून नाक म्हणालं.