झाड राहील ना?

नोएडातल्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या वीणाच्या कानावर मागच्या बाकावरून मराठी आलं, तशी ती फोन बघायची थांबली. आई, बाबा आणि लेक बोलत होते.

"घरी गेल्या गेल्या ते ख्रिसमस ट्री काढ आणि कचरेवाल्याला देऊन टाक. सगळी धूळ त्याचीच आहे."

"प्लास्टिकचं आहे रे, धुऊन ठेवते. श्रावस्तीचा जीव आहे त्याच्यात."

"आणि तिचा श्वास? बाहेरची हवा काही मला बदलता येत नाही यार, झाड तरी काढू दे."

"पण काल रात्री ती एकदाही खोकली नाही."

"खरंच, श्रावस्ती?"

"मी उशीत तोंड खुपसून खोकले, बाबा. आवाजच नाही आला. आता राहील ना झाड?"