खांबाने सोडलेली जागा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि एके काळच्या माझ्या शाळेतल्या बाई, व्यासपीठावरचे पदयात्रा समितीचे कार्यवाहकाका आणि सर्व सदस्य, आमचे डॉक्टरसाहेब, आणि ज्यांच्या टाचांचे फोड आता कुठे बरे होत आले असतील असे समोरचे सर्व यात्रेकरू बंधुभगिनी,

सत्कारमूर्तींचा उल्लेख राहिला, असं तुम्हाला वाटलं असेल. राहिला नाही, मी टाळला. कारण सत्कारमूर्ती व्यासपीठावर नाहीत. त्यांच्या खुर्चीवर सध्या फुलांचे गुच्छ बसले आहेत आणि ते स्वतः शेवटच्या रांगेत, दाराशी बसले आहेत. कृपा करून कोणी मागे वळून पाहू नका. ते उठून जातील. मी त्यांची मुलगी आहे, मला ठाऊक आहे.

निरोपाला दोन शब्द बोला, असं समितीने बाबांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, कुलपांच्या दुकानदाराने निदान स्वतःच्या तोंडाला एक कुलूप लावावं. म्हणून मी उभी आहे. मी बोलावं असं इथे कोणाला वाटत असेल, तर तो त्यांचा मोठेपणा. मला स्वतःला काल रात्रीपासून जमिनीत गडप व्हावंसं वाटतं आहे.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगते. आपली वाट डोंगरातून जाते, फाटे पुष्कळ, पाट्या वाऱ्याने पडतात. म्हणून बाबांनी एक रीत बसवली. जिथे वाट फुटते तिथे पुढची तुकडी एक माणूस उभा करते. तो खांब. सगळ्यांच्या मागून जो चालतो तो शेपूट. शेपटाच्या अंगात नारिंगी कोट. तो कोट समोरून गेल्याशिवाय खांबाने जागा सोडायची नाही, मग पाऊस येवो की पोटात कावळे ओरडोत. आणि मागच्यांसाठी नियम असा, की फाट्यावर खांब नसेल तर समजा तुम्ही चुकलात, आल्या वाटेने परत फिरा. किती सोपं! इतक्या वर्षांत एक माणूस हरवला नाही. शेपूट अर्थातच बाबा. शाळेत मला पोरं शेपटाची पोर म्हणायची आणि मी मारामाऱ्या करायचे. बाई, तुम्ही मला त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलं होतंत. तिथेही मी जागा सोडली नव्हती.

या वर्षीच्या यात्रेत काय झालं, ते तुम्ही सगळे जाणता. पण समिती ते एका शब्दात सांगते, धुकं. कार्यवाहकाका तर इतक्या प्रेमाने धुकं म्हणतात, की मलाही काही दिवस तसंच वाटू लागलं होतं. बाबांनी मला बजावलं आहे, आज सगळं धुक्यावर ढकलायचं नाही. म्हणून नीट सांगते.

खिंडीच्या चढावर एका नव्या यात्रेकरूंना हुडहुडी भरली. बाबांनी स्वतःचा कोट काढून त्यांना घातला आणि म्हणाले, तुम्ही झपाझप पुढे मुक्कामावर जा, शेकायला बसा. ते गृहस्थ आज इथे आले आहेत, त्यांचा यात काडीचाही दोष नाही. कोणी कुडकुडत असेल तर बाबा अंगातली कातडीही काढून देतील. फक्त त्या क्षणी आपण शेपूट आहोत, हे ते विसरले. कोट पुढे गेला आणि शेपूट मागे राहिलं.

खिंडीपलीकडच्या फाट्यावर खांब कोण होतं? मी.

धुक्यातून नारिंगी रंग आला. चाल झपझप होती. बाबांचा डावा गुडघा गेली कित्येक वर्षं वाकत नाही, आणि मी, त्यांची सख्खी मुलगी, मनात काय म्हणाले असेन? म्हणाले, वा, आज बाबांचा गुडघा बरा दिसतो! मला थंडी वाजत होती, खाली चहा उकळत होता. मी तोंड पाहिलं नाही, हाक मारली नाही. कोट पाहिला आणि निघाले.

मागून बाबा आले, सोबत हळू चालणारी चारदोन माणसं आणि आपल्या अध्यक्षबाई. फाटा तोच होता. पण फाट्यावर खांब नव्हता. बाई म्हणाल्या, वाट तर हीच वाटते. त्यावर बाबांनी काय उत्तर दिलं, ते मला बाईंनी दवाखान्यात सांगितलं. बाबा म्हणाले, "बाई, इथे माझी मुलगी उभी असणार होती. ती काही जागा सोडणार नाही. म्हणजे ही जागाच ती नव्हे."

आणि बरोबर वाटेवर उभी असलेली माणसं नियमाप्रमाणे मागे फिरली, धुक्यात वाट चुकून दगडाच्या खाणीकडे उतरली, आणि बाई खड्ड्यात पडल्या. ज्या पायाने त्या आज कुबडी घेऊन इथे आल्या, तो पाय आता पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टरसाहेबांचं म्हणणं आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. आमच्याकडे पुढची मजेत चहा प्यायली आणि ठेच मागच्यांना लागली. बाबांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. मला कोणी चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

बाबा मात्र म्हणतात, चूक माझी, नियम मी केला आणि मीच मोडला. ते बाईंना भेटायला दोनदा गेले. दोन्ही वेळा फळांची पिशवी शेजारच्यांकडे देऊन जिन्यावरूनच परतले. समितीने निरोपाचा ठराव केला, तेव्हा त्यांना वाटलं, ही सभ्य शब्दांत काढून टाकण्याची रीत. बाई, तुम्ही आज हट्टाने अध्यक्षपद मागून घेतलंत. मघाशी मला जवळ बोलावून म्हणालात, "तुझा बाप माझ्याकडे बघतसुद्धा नाही गं. माझा पाय मोडला, माणूस नको तुटायला." हे त्यांना मी घरी सांगितलं असतं, तर ते ऐकून न ऐकल्यासारखं करून दुकान उघडायला गेले असते. म्हणून ध्वनिक्षेपकावरून सांगते आहे.

पुढच्या वर्षी जो कोणी शेपूट होईल, त्याला बाबांचा निरोप एवढाच आहे. कुडकुडणाऱ्याला द्यायला एक जादा कोट पिशवीत ठेवा, आपला काढू नका. आणि खांबांना माझा निरोप. रंग बघू नका, तोंड बघा, बोला, मागे कोणी आहे का विचारा.

कार्यवाहकाका घड्याळ दाखवताहेत. समितीचे, बाईंचे आणि इतका वेळ मागे वळून न पाहिल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते माझ्या खात्यावर घाला, बाबांच्या नको.

भाषण संपलं. पण मी खाली बसत नाही. आपलं शेपूट अजून मागे आहे.

बाबा, गुडघा सांभाळून, सावकाश या. तुम्ही बाईंपर्यंत पोचेस्तोवर मी इथून हलणार नाही.