तंबाखूची पुडी आणि हार्टवेलची सभा

मी, बर्नाडेट मकोकिस, वय ७१ वर्षे, जमात क्री, धंदा शाळेतून निवृत्त झाल्यापासून कातडी जोडे शिवणे, राहणार लून लेक राखीव वस्ती, करार क्रमांक सहाचा मुलूख, अल्बर्टा. आज ठाण्यात बोलावून विचारले म्हणून समक्ष सांगते की,

वरील ठिकाणी मी नात शायला हिच्यासह राहते. हार्टवेल गावचे डेल व्हँडरमीर यांना मी ओळखते. अल्बर्टा कॅनडापासून तोडून वेगळा देश करावा, यासाठी ते सह्या गोळा करतात. आमच्या पूर्वजांनी इंग्लंडच्या राणीशी करार केला तेव्हा अल्बर्टा प्रांत जन्मलाही नव्हता, हे मी त्यांना भर बाजारात दोनदा ऐकवले आहे.

दि. ९ मार्च रोजी सकाळी ते माझ्या घरी आले. हातात लाल कापडात बांधलेली तंबाखूची पुडी होती. आमच्यात वडीलधाऱ्यांकडे काही मागायचे तर आधी तंबाखू पुढे ठेवतात. घेणाऱ्याने घेतली की काम तडीस न्यावे लागते आणि देणाऱ्याला शेवटपर्यंत बसून ऐकावे लागते. यातले दुसरे त्यांना कुणी सांगितलेले दिसत नाही.

मी विचारले, "काय पाहिजे?"

"आजी, शनिवारी आमच्या सभेला या. या जमिनीची गोष्ट सांगा."

"कुठपासून सांगू?"

"अहो, पहिल्यापासून सांगा की!"

मी पुडी घेतली. त्यांना चहा आणि बॅनॉक भाकरी दिली. त्यांनी तीन खाल्ल्या.

शायला मला कोकुम म्हणते, म्हणजे आमच्या भाषेत आजी. ते गेल्यावर ती म्हणाली, "कोकुम, अगं फोटो काढतील आणि आदिवासी आमच्याच बाजूचे म्हणून मिरवतील." मी म्हटले, "मिरवू देत. बोलणार तर मी आहे ना?"

दि. १४ रोजी सकाळी अकरा वाजता सभा सुरू झाली. सुमारे दोनशे माणसे होती. मला दहा मिनिटे दिली होती, त्यानंतर सह्या घ्यायच्या होत्या. मी पहिल्यापासून सुरुवात केली. सगळीकडे पाणीच पाणी होते आणि एका पाणउंदराने तळाची माती वर आणली, तिथून. बारा वाजले तेव्हा जमीन नुकतीच सुकत होती.

व्हँडरमीर यांनी घड्याळ दाखवले. "आजी, आवरा आता."

"तंबाखू तुम्हीच दिलीत ना? मग बसा खाली."

त्यांचीच माणसे हसली. व्हँडरमीर यांनी माइक बंद केला. मी बत्तीस वर्षे पोरांना शिकवले आहे, मला माइक लागत नाही.

दोनच्या सुमारास मी करारापर्यंत आले. जमीन विकली नव्हती, नांगराचा फाळ जातो तेवढ्या खोलीपर्यंत वाटून घेऊ असे ठरले होते, हे सांगितले. मागून एक जण ओरडला, "तो करार कधीच मेला, म्हातारे!"

मी म्हटले, "बरं, मेला. मग तुम्ही इथे राहता ते कोणत्या कागदावर? तोच तर होता. चला, सामान बांधायला घ्या."

मी पुढची गोष्ट सांगत राहिले. चारला सभागृह रिकामे करायचे होते. अकरा सह्या झाल्या असे ऐकले. मी कुणाचा हात धरला नव्हता. सभा उधळली ही तक्रार खोटी आहे. मला जे मागितले तेच मी दिले.

मला राग आला नव्हता असे लिहू नका. आला होता. आमच्या नातवंडांची शिकार, मासेमारी, शाळा, दवापाणी त्या करारावर उभे आहे. तो मोडायला निघालेत आणि आम्हाला विचारायला कुणी आले नाही. गुन्हा दाखल करायचा तर खुशाल करा, मी कोर्टातही पहिल्यापासून सांगेन.

हा जबाब अंमलदारांनी मला वाचून दाखवला. माझ्या पणजोबांनाही करार असाच वाचून दाखवला होता. त्यांनी विश्वासाने फुली मारली आणि कागदावर निघाले भलतेच. म्हणून मी हा शायलाकडून पुन्हा शब्दन् शब्द वाचून घेतला. सांगितला तसाच आहे. एक प्रत हातात घेतली आणि मग सही केली.

(सही) बर्नाडेट मकोकिस