जाडूबाई सुरू का होत नाही

नाही नाही नाही, आता परत सेल्फ मारू नका भाऊ — चारदा मारलात, बॅटरी रडकुंडीला आलीये. उतरा खाली. किल्ली राहू द्या तिथंच. आणि माझ्याकडे असं संशयानं बघू नका, मी काही केलेलं नाही — म्हणजे आज तरी काही केलेलं नाही — म्हणजे… जाऊ द्या, तुम्ही सावलीत बसा. त्या डोलखुर्चीत नको हं, ती झोराईदाबाईंची, तिथं दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नाही. तो खोका घ्या ओढून. कॉफी दिली ना बाईंनी? दिली? साखर नव्हती? तुमच्याही कॉफीत नव्हती? संपली असेल मग. काय म्हणता, डबा भरलेला होता टेबलावर? बरं. असो. बायकांचं काही सांगता येत नाही.

हां, तर गाडी. हे बघा, गाडीला सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात — हवा, पेट्रोल आणि करंट. हवा आमच्या या कैबारिएन गावात फुकट, समुद्रावरून येते आणि येताना मीठ घेऊन येते, दारांचे खालचे पत्रे तिनंच खाल्ले, तीनदा बदललेत मी. पेट्रोल? थांबा, पंप दाबून बघतो — आलं, धो धो आलं. हा पंप ट्रॅक्टरचा बरं का, रशियन. कार्बोरेटर कुठल्या गाडीचा ते मलाही आठवत नाही, आणि ब्रेकमध्ये तेल म्हणून काय घातलंय ते तुम्ही विचारू नका, गाडी थांबते ना, झालं तर मग. अहो, बावन्न सालची बाई आहे ही, अमेरिकेहून आलेली, तिच्यात मूळचं काय राहणार? हॉर्न तेवढा मूळचा आहे. तो वाजत नाही.

हसताय काय? ही जाडूबाई — आम्ही जाडूबाईच म्हणतो हिला, अख्खी गल्ली म्हणते — ही विल्फ्रेदोच्या वडलांची. विल्फ्रेदो म्हणजे बाईंचा नवरा, साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होता, आणि डॉमिनोजच्या डावात माझा जोडीदार. वीस वर्षं एका बाजूनं खेळलो, वीस वर्षं हरलो. नऊ वर्षांपूर्वी गेला. चांगला माणूस होता, खेळायला मात्र जन्मात आलं नाही त्याला. तो गेल्यावर एका शनिवारी झोराईदाचा — झोराईदाबाईंचा निरोप आला, अर्सेनियो, गाडी सुरू होत नाहीये, बघतोस का? आलो. दहा मिनिटांचं काम, प्लगवर काजळी बसली होती. पण त्या दहा मिनिटांत काय झालं माहितीये का? ती त्या खुर्चीत बसून मांडीवर परात घेऊन तांदूळ निवडत होती आणि मला विचारत होती — हे काय? ते कशाला? हे काढलं तर काय होतं? मी सांगत गेलो. मला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं हो! माझ्या बायकोला तर माझ्या अंगाचा ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही, चार दिवस आईकडे जाऊन येते म्हणाली, सांता क्लाराला, पंचवीस वर्षं झाली, चार दिवस अजून संपायचेत. तर दहा मिनिटांचं काम मी तीन तास केलं. मग कॉफी झाली, मग जेवायची वेळ झाली, मग काळा घेवडा आणि भात झाला.

जरा हा पाना धरा. तर पुढच्या शनिवारी गाडीला काही झालं नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. फार वाईट महिना गेला भाऊ तो. मग मी सहज म्हणून आलो, बॉनेट उघडलं, सगळं ठाकठीक, आणि जाताना या कॉइलच्या वायरचा नट — ही बघा, ही वायर — हात लागून असेल, अर्धा फेरा सैल झाला. आपल्या रस्त्यांवर अर्धा फेरा म्हणजे आठवडाभरात वायर बाहेर. शनिवारी निरोप हजर! त्यानंतर कधी नट, कधी पेट्रोलच्या नळीत चिंधीचा बारीकसा तुकडा, कधी… अहो, असे डोळे वटारू नका! चोरी केली का मी? तुटू कधी दिलं नाही तिला काही. नऊ वर्षं दर शनिवारी या गाडीची इतकी निगा राखलीये की तेवढी मंत्र्यांच्या गाड्यांचीही कुणी राखत नसेल. बिघडवल्याशिवाय दुरुस्त कसं करणार?

हे तुम्हाला कशाला सांगतोय मी? उन्हामुळं असेल. बोलू नका हं आत. बसा गाडीत, मी प्लग काढलाय, एकदा सेल्फ मारा. एकदाच! — नाही. ठिणगी नाही. म्हणजे पेट्रोल आहे, करंट नाही. आता कॉइल बघू, करंट तिथूनच निघतो. माझी लाडकी वायर घट्ट आहे. असणारच, परवा गुरुवारी मीच आवळली की. सगळे नट आवळले, नळ्या धुतल्या, नऊ वर्षांत पहिल्यांदा जाडूबाईला अगदी मनापासून नीट केलं. का? ते विचारा. बाईंची मुलगी कामाग्वेला असते, ती म्हणते, आई, एकटी काय राहतेस, गाडी विकून टाक आणि ये इकडे कायमची. तर गुरुवारी झोराईदा मला म्हणाली, शनिवारी हावानाहून माणूस येतोय गाडी बघायला. सुरू झाली तर लगेच नेणार म्हणतो. तुझं काय म्हणणं आहे अर्सेनियो? — असंच विचारलं. तांदूळ निवडायचे थांबवून विचारलं. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, काळजी करू नका, मी गाडी अशी तयार करतो की पहिल्या सेल्फला सुरू होईल! तिनं परात खाली ठेवली. मग आत गेली आणि कॉफी घेऊन आली. बिनसाखरेची. अहो, या घरात मला नऊ वर्षांत… मला वाटलं, विसरली.

काय करणार होतो मी? तिला लेकीकडे जायचंय असं वाटलं मला. माणसाला जायचं असेल तर आपण वाटेत नट सैल करत बसायचं का? घरी जाऊन रात्रभर छताकडे बघत पडलो. गाडी गेली की ती जाणार, ती गेली की शनिवार गेला, आणि भाऊ, खरं सांगतो, माझ्याकडे शनिवार सोडून दुसरा वार नाही. बाकीचे सहा दिवस मी शनिवारची वाट बघतो. आणि वर तुम्ही काय म्हणालात मघाशी — हिचं छत कापणार? गुलाबी रंग देणार, परदेशी पाहुण्यांना समुद्रकाठी फिरवणार? या वयात बाईचं छत कापता? तरी मी ब्र काढला नाही. शब्द दिलाय तिला, सुरू करून देईन म्हणून. सुरू करूनच देणार.

ही जाड वायर इंजिनाजवळ धरतो, मारा सेल्फ — आई आई गं! बास, बास! — दिसली ना ठिणगी? मला तर खांद्यापर्यंत दिसली. म्हणजे कॉइल चांगली. करंट इथून निघतोय आणि प्लगपर्यंत पोचत नाहीये. मधे उरलं काय? हा डिस्ट्रिब्युटर, एवढाच. याच्या पोटात एक छोटासा रोटर असतो, अंगठ्याएवढा, तो गरगर फिरतो आणि एकेका प्लगला करंट वाटतो. तो सहसा खराब होत नाही. टोपण काढू या, दोनच तर क्लिपा —

हे काय?

थांबा. थांबा जरा, बोलू नका.

रोटर नाही. झिजला नाही, तुटला नाही — नाहीच आहे. गुरुवारी मी स्वतः पुसून बसवला होता. आपोआप कसा बाहेर येईल? टोपण बंद, क्लिपा लावलेल्या, अगदी नीट, मी लावतो तशा. हे काढायला ज्याला माहीत असेल त्यानंच… इथं असं कोण आहे ज्याला… तीन वर्षांपूर्वी गल्लीत गाड्या चोरीला जात होत्या. तेव्हा मीच दाखवलं होतं तिला. म्हटलं, झोराईदा, हा एवढासा तुकडा खिशात घालून झोप, मग कुणाच्या बापाची हिंमत नाही जाडूबाईला इथून हलवायची. ती हसली होती. किल्ली तुमच्या हातात कुणी दिली आज? तिनंच ना? काय म्हणाली? "खुशाल सुरू करून बघा"?

वर बघू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघू नका म्हणतोय ना! मी बघतो. — उभी आहे. एप्रनच्या खिशात हात घालून उभी आहे. मूठ आहे खिशात. अरे देवा. काय गाढव आहे मी! ती विचारत होती, तुझं काय म्हणणं आहे, आणि मी नट आवळत बसलो. आणि नऊ वर्षं हे काय, ते कशाला — म्हणजे तिला सगळं… त्या चिंध्यांसकट सगळं माहीत…

भाऊ, उठा. इंजिन गेलं. साफ गेलं. आत्ताच गेलं, माझ्या डोळ्यांदेखत. काय झालंय म्हणता? फार गुंतागुंतीचं आहे, हावानाच्या माणसाला नाही कळायचं. नाही, पार्ट मिळत नाही, या देशात मिळत नाही. नाही, पुढच्या शनिवारी पण नाही — पुढच्या शनिवारी तर मुळीच नाही! तीनची बस मिळेल तुम्हाला चौकात, पळा. किल्ली ठेवा त्या खोक्यावर.

— हो, ऐकू आलं गं! येतो, हात धुतो! — काय? बाहेरच बसू? कुठं? त्या खुर्चीत? मी?

भाऊ, तुम्ही अजून इथंच? जाताना फाटक ओढून घ्या तेवढं, वाऱ्यानं आपटतं.